अरबी समुद्रातल्या चक्रीवादळाचा माग: नवख्यांसाठी ऑनलाइन साधनांचा वाटाड्या

मे २०२५ मध्ये 'शक्ती' चक्रीवादळ येतंय म्हणून कोकणातल्या आणि मुंबईतल्या मोबाइलवर संदेशांचा नुसता भडिमार चालला होता. असं कुठलंही चक्रीवादळ नाही, हे हवामान विभागाला सांगावं लागलं. अरबी समुद्रात होतं ते एक डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीची, कमी वाऱ्याची पायरी. २४ मे रोजी ते रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान किनाऱ्याला लागलं, पाऊस पाडला आणि विरलं. चक्रीवादळ झालंच नाही, त्यामुळे नावही मिळालं नाही. यादीत पुढचं नाव 'शक्ती' आहे एवढ्यावर लोकांनी जन्माआधीच बारसं उरकून घेतलं होतं. ते नाव खरोखर दिलं गेलं ऑक्टोबर २०२५ मध्ये, आणि ते वादळ गुजरातच्या किनाऱ्यापासून लांब, पश्चिमेकडे निघून गेलं.

आता याच्या उलट उदाहरण. जून २०२० मधल्या 'निसर्ग'ला नाव मिळालं २ जूनला दुपारी आणि ते रायगडच्या किनाऱ्यावर चढलं ३ जूनला दुपारी. नावाची वाट बघत बसलेल्या माणसाच्या हातात जेमतेम एक दिवस उरला.

म्हणजे नावावर विसंबून चालत नाही. ना घाबरायला, ना तयारीला. वादळाचा माग स्वतः काढता आला पाहिजे. त्यासाठी लागणारी साधनं सगळी फुकट आहेत आणि मोबाइलवर चालतात. चुकतो तो क्रम. बहुतेक जण आधी विंडी हे वाऱ्याचे रंगीत नकाशे दाखवणारं ॲप उघडतात, जांभळा भोवरा बघून दचकतात, स्क्रीनशॉट पुढे ढकलतात, आणि हवामान विभागाचं बुलेटिन वाचायचं राहूनच जातं. माझा आग्रह नेमक्या उलट क्रमाचा आहे: आधी बुलेटिन, मग उपग्रहाचं चित्र, आणि मॉडेलचे, म्हणजे संगणकाने गणित करून काढलेल्या अंदाजाचे, रंगीत नकाशे सगळ्यांत शेवटी.

पायरी १: घड्याळ आणि अक्षांश-रेखांश

हवामानाचे बरेच नकाशे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. ०० यूटीसी म्हणजे पहाटे साडेपाच, ०३ म्हणजे सकाळी साडेआठ, ०६ म्हणजे साडेअकरा, १२ म्हणजे संध्याकाळी साडेपाच आणि १८ म्हणजे रात्री साडेअकरा. हे पाठ नसेल तर माणूस सहा तास शिळं चित्र 'आत्ताचं' समजून बघत बसतो. कुठलंही चित्र उघडलं की आधी कोपऱ्यातली तारीख-वेळ वाचायची, मग चित्र.

दुसरी गोष्ट, किनाऱ्याचे अक्षांश डोक्यात ठेवा. पणजी साधारण १५.५ उत्तर, मालवण १६, रत्नागिरी १७, श्रीवर्धन १८, अलिबाग १८.६, कुलाबा १८.९, डहाणू २०. रेखांश सगळ्यांचा ७२.७ ते ७३.८ पूर्वेच्या आत. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. रेखांशाचा एक अंश आपल्या पट्ट्यात साधारण १०६ किलोमीटर. सागरी मैल आणि नॉटमध्ये विचार करणाऱ्यांसाठी: एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, आणि अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल.

एवढ्या भांडवलावर गणित करून बघू. समजा, पहाटे साडेपाचच्या बुलेटिनमध्ये केंद्र १४.५ उत्तर, ७१.० पूर्व असं दिलंय. साडेअकराच्या बुलेटिनमध्ये ते १५.० उत्तर, ७१.० पूर्व झालं. सहा तासांत अर्धा अंश उत्तरेला, म्हणजे ५५ किलोमीटर. वेग ताशी नऊ किलोमीटर. तुम्ही रत्नागिरीला आहात, म्हणजे १७.० उत्तर, ७३.३ पूर्व. केंद्र अजून दोन अंश दक्षिणेला आहे (२२२ किलोमीटर) आणि २.३ अंश पश्चिमेला (२४४ किलोमीटर). तिरकं अंतर ३३० किलोमीटरच्या आसपास. पण ३३० ला नवाने भागून 'छत्तीस तासांत वादळ रत्नागिरीत' असं म्हणू नका, कारण ते रत्नागिरीकडे येतच नाहीये, ते सरळ उत्तरेला चाललंय. असंच चालत राहिलं तर चोवीस-पंचवीस तासांनी, म्हणजे उद्या दुपारी बाराच्या सुमारास, ते तुमच्या बरोबर पश्चिमेला २४४ किलोमीटरवर असेल आणि पुढे निघून जाईल. ते किंचित ईशान्येला वळलं तर मात्र हा सगळा हिशेब नव्याने मांडायचा. प्रत्येक बुलेटिनला वेळ, अक्षांश, रेखांश आणि सरकण्याचा वेग हे चार आकडे वहीत उतरवा. टीव्हीवरच्या फिरत्या भोवऱ्यापेक्षा या वहीतून जास्त कळतं.

पायरी २: हवामान विभागाचं बुलेटिन

उत्तर हिंदी महासागरातल्या चक्रीवादळांची अधिकृत जबाबदारी भारतीय हवामान विभागाच्या दिल्लीतल्या प्रादेशिक केंद्राकडे आहे. बांगलादेशापासून ओमानपर्यंतचे देश याच केंद्राच्या अंदाजावर चालतात, आणि नावं जाहीर करण्याचं कामही त्याचंच. सध्याची नावांची यादी १३ देशांनी प्रत्येकी १३ नावं देऊन एप्रिल २०२० मध्ये तयार झाली. त्यातलं पहिलंच नाव 'निसर्ग', बांगलादेशाने दिलेलं.

वादळ नसतानाही या केंद्राचं 'ट्रॉपिकल वेदर आउटलुक' रोज निघतं. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांत पुढच्या सात दिवसांत डिप्रेशन तयार होण्याची शक्यता किती, ते त्यात दिवसवार लिहिलेलं असतं: निल, लो, मॉडरेट किंवा हाय. शिवाय दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज येतो. मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या आपल्या वादळी महिन्यांत सकाळी चहाबरोबर हे एक पान चाळायची सवय लावून घ्या. 'मॉडरेट' दिसायला लागलं की वही उघडायची.

पुढे शब्द बदलत जातात आणि प्रत्येक शब्दामागे वाऱ्याचा ठरलेला वेग असतो. ताशी ३१ ते ४९ किलोमीटर म्हणजे डिप्रेशन, ५० ते ६१ डीप डिप्रेशन. ६२ ला चक्रीवादळ होतं आणि नाव मिळतं. ८९ पासून तीव्र, ११८ पासून अतितीव्र, १६७ पासून त्याहून वरचा वर्ग, आणि २२२ च्या पुढे महाचक्रीवादळ, म्हणजेच सुपर सायक्लोन. हे वेग तीन मिनिटांच्या सरासरीचे आहेत. झोत त्याहून मोठे असतात आणि बुलेटिनमध्ये वेगळे दिलेले असतात. 'ताशी १०० ते ११०, झोत १२०' असं लिहिलं असेल तर कौलं आणि पत्रे उडवायचं काम त्या १२० चं.

चक्रीवादळ झालं की दर तीन तासांनी बुलेटिन येतं. ते लांबलचक असतं, पण सगळं वाचायची गरज नाही. सरळ तक्त्यावर जा. त्यात तारीख-वेळ, केंद्राचे अक्षांश-रेखांश, वाऱ्याचा वेग आणि वर्ग असे रकाने असतात. पहिली ओळ आत्ताची, खालच्या ओळी अंदाजाच्या. नव्या बुलेटिनमधला तक्ता आदल्या बुलेटिनच्या तक्त्याशेजारी धरा आणि एकच गोष्ट बघा: उद्या दुपारची जागा तीच आहे की सरकली? प्रत्येक वेळी थोडी थोडी एकाच बाजूला सरकत असेल तर पुढच्या वेळीही तिकडेच सरकेल, अशी मनाची तयारी ठेवा.

इशाऱ्यांचे टप्पे ठरलेले आहेत. सुमारे ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी 'अलर्ट', २४ तास आधी 'वॉर्निंग', आणि किनाऱ्यावर चढण्याच्या बारा तास आधी पुढे आतल्या भागात काय होईल त्याचा अंदाज. जिल्हावार पिवळा-नारिंगी-लाल रंग हे वेगळं प्रकरण आहे. ते इशारे तुमच्या जिल्ह्यातल्या पावसावाऱ्याचे असतात आणि कुलाब्याचं प्रादेशिक केंद्र ते देतं. वादळ दूर असूनही जिल्हा लाल असू शकतो. घरची तयारी जिल्ह्याच्या रंगावरून करा.

पायरी ३: शंकू म्हणजे वादळाचा आकार नव्हे

मार्गाच्या नकाशावर आत्ताच्या जागेपासून पुढे पसरत जाणारा शंकू असतो. वादळ मोठं होत जाणार म्हणून शंकू रुंदावतो, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. शंकू फक्त केंद्र कुठे असू शकेल ते सांगतो, तेही मागच्या वर्षांतल्या चुकांवरून. तीनातल्या साधारण दोन वेळा केंद्र शंकूच्या आत राहतं, एखाद्या वेळी बाहेर जातं. वारा आणि पाऊस तर शंकूच्या बाहेर सर्रास पोचतात.

हवामान विभागाची २४ तास आधीच्या अंदाजातली सरासरी चूक अलीकडे ७०-८० किलोमीटरच्या घरात आली आहे, आणि हे कौतुकास्पद आहे. पण तेवढं अंतर आपल्या किनाऱ्यावर ठेवून बघा. अलिबाग ते श्रीवर्धन सरळ रेषेत ६५-७० किलोमीटर. म्हणजे अंदाज अगदी सरासरीइतका चांगला असला तरी 'अलिबागजवळ' म्हटलेलं वादळ श्रीवर्धनला चढू शकतं. मधली बारीक रेघ बघून 'आपल्या गावावरून जात नाही' असा निष्कर्ष काढणं म्हणूनच वेडेपणाचं आहे.

जून २०१९ मधलं 'वायू' हे याचं उत्तम उदाहरण. वेरावळच्या आसपास गुजरातेत शिरेल असा अंदाज होता, लाखो माणसं हलवली गेली, आणि १३ जूनला ते किनाऱ्याला न चढता समांतर वायव्येकडे सरकलं. पुढे ते वळून कच्छकडे आलंही, पण तोवर त्याची ताकद सरली होती. लोकांनी अंदाज चुकला म्हणून बोटं मोडली. वादळ किनाऱ्याला घासून जात असतं, तेव्हा त्याच्या दिशेत दहा-पंधरा अंशांचा फरक पडला तरी ते आत शिरायचं ते बाहेरच राहतं. माणसं हलवण्याचा निर्णय बरोबरच होता.

पायरी ४: तुम्ही उजव्या बाजूला आहात की डाव्या?

नवख्यांना एकच गोष्ट शिकवायची असेल तर मी ही शिकवीन.

आपल्या गोलार्धात वादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. वादळ ज्या दिशेने चाललंय त्या दिशेला तोंड करून उभे आहात अशी कल्पना करा. उजव्या हाताच्या बाजूला फिरण्याचा वारा आणि पुढे सरकण्याचा वेग एकत्र येतात. डाव्या बाजूला एकातून दुसरा वजा होतो. त्यामुळे उजवी बाजू नेहमी जड. वादळ पश्चिमेकडून किनाऱ्यावर चढत असेल तर उजवीकडचे वारे समुद्राचं पाणी जमिनीवर ढकलतात, डावीकडचे ते समुद्राकडे लोटतात.

'निसर्ग' ३ जून २०२० रोजी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात चढलं. दिशा ईशान्य. त्या दिशेला तोंड केलं तर मुंबई डाव्या हाताला येते आणि हरिहरेश्वर, मंडणगड, दापोली, हर्णै उजव्या हाताला. मुंबईत दिवसभर 'वाचलो बुवा' चाललं होतं, आणि त्याच वेळी दापोली-श्रीवर्धनकडे नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या होत होत्या. केंद्रापासून बऱ्यापैकी दक्षिणेला असलेल्या रत्नागिरीत 'बसरा स्टार' नावाचं जहाज मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन रुतलं. मुंबईच्या पन्नास किलोमीटर उत्तरेकडून केंद्र गेलं असतं तर उजवी बाजू मुंबईची झाली असती.

मे २०२१ मधलं 'तौक्ते' वेगळं. ते किनाऱ्याला समांतर उत्तरेला सरकत गेलं आणि १७ मेच्या रात्री दीवजवळ चढलं. समांतर उत्तरेला जाणाऱ्या वादळात सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंतचा अख्खा किनारा उजव्या बाजूलाच येतो. गुजरातला चढलेलं वादळ म्हणून ते नोंदलं गेलं खरं, पण कोकणातल्या आंबा बागायतदाराला त्याचं नाव विसरायला बराच काळ लागेल. बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ 'पी-३०५' बार्ज बुडाला तोही याच वादळात.

गंमत म्हणजे बंदरावरच्या बावट्यांना ही डावी-उजवी बाजू कधीपासून ठाऊक आहे. एक आणि दोन नंबरचा बावटा म्हणजे वादळ लांब समुद्रात आहे. तीन आणि चार म्हणजे खुद्द तुमच्या बंदराला सावधगिरीचा इशारा. पाच म्हणजे धोका, वादळ बंदराला आपल्या डाव्या हाताला ठेवून जाईल. सहा म्हणजे उजव्या हाताला ठेवून जाईल. सात म्हणजे बंदरावरून किंवा अगदी जवळून. आठ, नऊ, दहा हेच सगळं, पण मोठ्या धोक्याचं. अकरा म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटला. बातमीत नुसतं 'तीन नंबरचा बावटा लावला' असं येतं. पाच आहे की सहा, हे वाचून तुमचा गाव कोणत्या बाजूला येतो ते कळतं.

आणखी एक: वर्ग मोठा म्हणजे धोका मोठा, असंही नाही. ऑक्टोबर २०१९ मधलं 'क्यार' महाचक्रीवादळ झालं, पण तोवर ते कोकणापासून पश्चिमेला लांब गेलं होतं. उलट 'निसर्ग' नुसतंच 'तीव्र' होतं. अंतर आणि बाजू आधी, वर्ग नंतर.

पायरी ५: उपग्रहाचं चित्र

मॉडेल म्हणजे गणिताने काढलेला अंदाज. उपग्रहाचं चित्र म्हणजे खरोखर आहे ते. म्हणून ते आधी बघायचं. हवामान विभागाच्या आणि इस्रोच्या 'मॉसडॅक' या संकेतस्थळावर इन्सॅट मालिकेतल्या उपग्रहांची चित्रं मिळतात. यातला इन्सॅट-३डीएस फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडला गेला. बोटाने मोठं-लहान करत बघायला झूम अर्थ हे संकेतस्थळ सगळ्यांत सोयीचं.

इन्फ्रारेड चित्र रात्रीही दिसतं. त्यात ढगांच्या माथ्याचं तापमान रंगात दाखवलेलं असतं. जितका थंड, तितका उंच ढग. इथे नवखा हमखास फसतो. पांढऱ्या गोळ्याच्या मध्यावर बोट ठेवून तो म्हणतो, हे केंद्र. पण वरच्या थरातले वारे खालच्या थरापेक्षा वेगळ्या दिशेने वाहत असतील, तर ढगांचा डोंगर एका बाजूला लोटला जातो आणि खालचं खरं केंद्र गोळ्याच्या कडेला, कधी पूर्णपणे बाहेर, उघडं पडतं. मे-जूनमध्ये पावसाळी वाऱ्यांमुळे अरबी समुद्रात हे नेहमी होतं; वरचे वारे पूर्वेकडून असतात, त्यामुळे ढग बहुधा पश्चिमेला सरकलेले. खरं केंद्र शोधायचं तर सकाळी आणि संध्याकाळी साध्या प्रकाशातलं चित्र बघा. तिरप्या उन्हात खालच्या ढगांच्या बारीक वळ्या उठून दिसतात, आणि त्या जिथे गुंडाळल्या जातात तिथे केंद्र.

एकच चित्र बघू नका, सहा तासांची चित्रफीत चालवा. ढग केंद्राभोवती घट्ट होत आहेत की विस्कटत आहेत ते त्यातून कळतं. मध्ये गोल, स्वच्छ डोळा दिसायला लागला तर वादळ जोरात आहे. बुलेटिनमध्ये 'टी ३.५' असा आकडा असतो तो याच चित्रांवरून ढगांचा आकार ओळखून काढलेला, २.५ ला चक्रीवादळ, ३.५ ला तीव्र, ४ ला अतितीव्र.

झूम अर्थबद्दल एक सावधगिरी. त्यावरचा मार्ग आणि वेग प्रामुख्याने अमेरिकन लष्कराच्या पर्ल हार्बरमधल्या केंद्राकडून येतो. ते केंद्र एका मिनिटाच्या सरासरीचा वेग देतं, आपला विभाग तीन मिनिटांच्या. एकाच वादळाचे दोन आकडे वेगळे दिसतात ते त्यामुळेही, आणि 'सरकार वेग लपवतंय' हे संदेश याच फरकातून जन्माला येतात. '९२ए' अशी नावं दिसली तर तीही त्याच केंद्राची: अरबी समुद्रात लक्ष ठेवण्याजोगं काहीतरी आहे, एवढाच अर्थ.

पायरी ६: विंडी आणि बाकीचे रंगीत नकाशे

विंडी वाईट नाही. फक्त त्यात दिसतं ते कुठल्या तरी एका मॉडेलचं भाकीत असतं, हे विसरायचं नाही. कोपऱ्यात मॉडेल बदलता येतं. युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ आणि अमेरिकेचं जीएफएस दोन्ही बघा. नलस्कूल या देखण्या संकेतस्थळावरचे वाहते हिरवे वारेही जीएफएसचेच, तेव्हा विंडीवर जीएफएस आणि मग नलस्कूल बघून 'दोन्हीकडे सारखंच दाखवतंय' म्हणू नका.

वाऱ्याऐवजी हवेच्या दाबाचा थर लावा. सर्वांत आतलं वर्तुळ कुठे सरकतंय ते त्यात स्वच्छ दिसतं. परवा दुपारी ते कुठे आहे, दोन्ही मॉडेलांत टिपा. दोन जागांत शंभरेक किलोमीटरचा फरक असेल तर अंदाज जमत आलाय. एक ओमानला आणि दुसरं गुजरातला नेत असेल, तर आज कुणालाच नीट माहीत नाही, एवढंच खरं. जून २०२३ मधल्या 'बिपरजॉय'च्या सुरुवातीला मॉडेलांचं असंच फाटलं होतं. ते संथपणे रेंगाळलं आणि अखेर १५ जूनला कच्छमध्ये जखाऊजवळ चढलं.

मॉडेल मुख्यतः ०० आणि १२ यूटीसीची बघा. ती चालून नकाशावर यायला पाच ते सात तास लागतात, म्हणजे दर तासाला विंडी उघडून काही नवीन मिळत नाही. आणि पाच दिवसांपलीकडचं भोवऱ्याचं चित्र कुणी पाठवलं तर तिथेच सोडून द्या. जीएफएसला दहा दिवसांनंतरची वादळं स्वप्नात दिसतात, त्यातली बरीच कधी जन्मालाच येत नाहीत.

पायरी ७: समुद्र, भरती, रडार

वारा ऐंशीचा असो की शंभरचा, किनाऱ्यावरच्या घरात पाणी शिरेल की नाही हे बरंचसं भरतीवर ठरतं. लाटांचे आणि समुद्राच्या फुगवट्याचे इशारे हैदराबादच्या 'इन्कॉइस' या समुद्राचे अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेकडून येतात. ते जिल्हावार असतात. त्याला आपली जुनी रीत जोडा: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. 'निसर्ग'च्या दिवशी पौर्णिमा दोन दिवसांवर होती. त्रयोदशी म्हणजे तेरा गुणिले पाऊण, पावणेदहा. मुंबईत भरती खरोखर दहाच्या सुमारास येऊन गेली आणि केंद्र दुपारी आत शिरलं ते ओहोटीत. तेच वादळ रात्री भरतीबरोबर आलं असतं तर चित्र वेगळं असतं. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि वादळ एकत्र येत असेल तर खाडीकाठच्या लोकांनी वाऱ्याच्या आकड्याकडे न बघता आधी हलावं. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या, दिवसांत थोडी सवलत मिळते.

होड्यांचं गणित महिन्यावर आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे जूनमधल्या वादळात बहुतेक होड्या वर ओढलेल्या असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या खोल समुद्रात असतात. ११ नोव्हेंबर २००९ चं 'फयान' असंच ऐन हंगामात आलं आणि कोकणातल्या कितीतरी खलाशांच्या घरी परत कुणी आलं नाही. समुद्रावर जाणाऱ्यांनी म्हणून नावाची वाट बघूच नये. आउटलुकमध्ये 'हाय' आलं की परतीचा हिशेब सुरू. डिसेंबर २०१७ मध्ये 'ओखी'च्या वेळी केरळच्या होड्यांनी आपल्या देवगड बंदरात आसरा घेतला होता. घराकडेच परतलं पाहिजे असं नाही, जवळचं बंदर गाठावं.

केंद्र अडीचशे किलोमीटरच्या आत आलं की मुंबईचं किंवा गोव्याचं डॉप्लर रडार उघडा. पावसाचे पट्टे किती लांब आहेत, दोन पट्ट्यांमध्ये उघडीप किती, हे त्यात दिसतं. छपरावर शेवटचं काही बांधायचं राहिलं असेल तर ते याच उघडिपीत. ऐन वेळी रडारचं चित्र अडकून राहू शकतं, तेव्हा पुन्हा तेच: कोपऱ्यातली वेळ आधी वाचा.

पायरी ८: नेट गेल्यावर

वीज आणि नेटवर्क वादळाच्या आधीच जातं. म्हणून शेवटचं बुलेटिन आणि मार्गाचा नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, पॉवर बँक भरा, घरात सेलवर चालणारा रेडिओ असू द्या. 'सचेत' हे आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ॲप आधीच घालून ठेवलेलं बरं.

मग उरतो तो वारा. खिडकीच्या आतूनच अंदाज घ्या: वाऱ्याकडे पाठ केली तर केंद्र तुमच्या डाव्या हाताला, किंचित पुढच्या बाजूला असतं. दर अर्ध्या तासाने दिशा वहीत लिहा. कोकणात वादळ पश्चिमेकडून, समुद्रातून उत्तरेला जात असेल तर वारा आग्नेयेकडून दक्षिणेला आणि मग नैर्ऋत्येला फिरत जातो. नैर्ऋत्येला आला की केंद्र पुढे सरकलं. दिशा बदलत नाही आणि जोर मात्र वाढतोय, तर केंद्र थेट तुमच्याकडे येतंय. डोंगराच्या कुशीत, घळीत असाल तर वारा वळून येतो, तिथे हे गणित जरा सैल धरा.

भर वादळात एकदम सामसूम झाली, आभाळ उजळलं, तर बाहेर पडू नका. तो डोळा आहे. काही मिनिटांत वारा उलट दिशेने, तितक्याच जोराने येतो, आणि अर्धवट मोडलेली झाडं तो दुसरा वारा पाडतो.

सराव

पुढच्या वादळाची वाट बघायची गरज नाही. प्रत्येक चक्रीवादळाचा सविस्तर अहवाल हवामान विभाग नंतर प्रसिद्ध करतो. त्यात केंद्राच्या दर तीन-सहा तासांच्या जागा, वेग, टी-क्रमांक आणि प्रत्येक वेळी दिलेला अंदाज सगळं असतं. 'निसर्ग'चा अहवाल उतरवून घ्या. पहिल्या दिवसाच्या नोंदी वहीत मांडा, बाकीचं पान झाका, आणि केंद्र कुठे चढेल ते स्वतः काढून बघा. मग पान उघडा. त्यानंतर 'वायू'चा अहवाल घ्या. तो जास्त अवघड आहे.